आपलं आपण उठणारं यंत्र

२ डिसेंबर, सोमवार

आज ठरलं. म्हणजे मी ठरवलं, बजरंगरावांनी मान हलवली आणि आत्या "बघू" म्हणाल्या. आमच्या घरात ठराव असाच पास होतो.

आमच्या लेकीची, आरोहीची, चौथी झाली की गावातली शाळा संपते. जूनपासून तिला धाराशिवच्या शाळेत घालायचं, तिथं एक खोली बघायची आणि मी तिथल्या संगणक क्लासमध्ये शिकवायला जायचं. क्लासच्या मॅडमनी दोनदा विचारलंय. माझे यजमान, म्हणजे बजरंगराव, दुधाचा टेम्पो घेऊन रोज धाराशिवला जातातच. मुक्काम तिकडं करायचा आणि पहाटे गावाकडं यायचं, एवढाच काय तो फरक. सगळं जुळून येतंय. अडतंय ते दूध संकलन केंद्रापाशी.

केंद्र आमच्या ओसरीलगतच्या खोलीत आहे. सासूबाई, म्हणजे आत्या, दूध घेण्यात माझ्यापेक्षा पटाईत. किटली काट्यावर ठेवायची, फॅटच्या मशीनमध्ये नमुना घालायचा, पावती फाडून द्यायची, सगळं त्यांना येतं. पाणी घातलेलं दूध तर त्या मशीनच्या आधी ओळखतात. फक्त त्यासाठी दुधाचा प्रोग्राम पडद्यावर यावा लागतो आणि तो आपणहून येत नाही. आमचा संगणक लिनक्सवर चालतो. तो चालू केला की एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात इंग्रजीतून आज्ञा लिहायची, मग प्रोग्राम उठतो. ही आज्ञा गावात एकटीला मला येते. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि आमच्याकडं लाईट येण्यापेक्षा जाण्यात जास्त वक्तशीर आहे. त्यामुळं मी न्हाणीत असो नाहीतर चुलीपुढं, हाक ठरलेली: "मोनिका, ह्यो उठंना गं!"

तर आता असं करायचं की संगणक चालू झाला की प्रोग्रामही त्याच्या पाठोपाठ आपला आपण सुरू झाला पाहिजे. परीक्षा येळवसला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला जातं, घरात मांजरसुद्धा राहत नाही. पण म्हशींना कुठं अमावस्या कळते? संध्याकाळचं दूध घ्यावंच लागतं. म्हणून केंद्र सुरू झाल्यापासून दर येळवसला मी एकटी भरल्या रानातून उठून परत येते. यंदा मी हलणार नाही. माझ्यावाचून केंद्र चाललं तर जूनमध्ये जायचं. नाही चाललं तर आरोही एसटीनं आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीच्या शाळेत आणि मी इथंच. आत्यांनाही हे मान्य आहे. त्यांना यातलं फारसं कळत नाही, पण मान्य आहे.

४ डिसेंबर, बुधवार

सोलापूरला माझ्या वर्गात असलेली हर्षाली आता पुण्यात मोठ्या कंपनीत असते. तिला फोन लावला. ती म्हणाली, एक छोटी फाइल लिही. कोणता प्रोग्राम, तो कुठं ठेवलाय आणि कशाच्या मागून सुरू करायचा, एवढं त्यात सांगायचं. मग ती फाइल लिनक्सच्या स्वाधीन करायची. पुढं त्याचं तो बघतो.

मी सगळं केलं. प्रोग्राम सुरू झाला! मी पेढे वाटायच्या बेतात होते. मग संगणक बंद करून परत चालू केला तर काही नाही. हर्षाली हसायला लागली. म्हणे, तू फक्त स्टार्ट केलंस, एनेबल केलंच नाहीस. स्टार्ट म्हणजे आत्ता ऊठ. एनेबल म्हणजे इथून पुढं रोज आपला आपण ऊठ.

हा फरक मला लगेच पटला. बजरंगरावांना गेली अकरा वर्षं मी रोज स्टार्ट करतेय. त्यांना एनेबल करायची सोय त्यांच्या आईनं ठेवलेली नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

उठला! आत्यांनी बटण दाबलं आणि मी हात मागं बांधून उभी राहिले. पडद्यावर अक्षरं पळाली आणि दुधाचा प्रोग्राम हजर. पहिल्या नंबरला वैजनाथ भाऊ होते. ते रोज किटलीबरोबर एखादी चौकशी घेऊन येतात. म्हणाले, "आता सूनबाईला पगारी रजा म्हणा की."

आत्या पडद्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपला आपण उठाया लागला तर तुजं काय काम राह्यलं मग हितं?"

मी म्हटलं, "काहीच नाही!" आणि जोरात हसले. मला फार आनंद झाला होता.

९ डिसेंबर, सोमवार

परवापासून बिघडलंय. संगणक उठतो, प्रोग्राम उठत नाही. शोधल्यावर कळलं की प्रोग्राम सुरू होताना स्वतःसाठी एक कुलूप-फाइल बनवतो आणि नीट बंद होताना ती पुसून टाकतो. मध्येच वीज तुटली तर कुलूप तसंच राहतं. मग पुढच्या वेळी त्याला वाटतं की आपण आधीच आत आहोत, आणि तो दारातूनच परत जातो. काही माणसांचंही असं असतं, पण ते असो.

नवल म्हणजे पहाटे लाईट गेली नव्हती. मी जागी होते, डासांसाठी लावलेला पंखा चालू होता.

आत्यांना विचारलं, "बटण दाबल्यावर मध्येच बंद झालं का?" त्या म्हणाल्या, "म्या काय बघत बसते व्हय? देवाचं करत हुते." देवाचं केलेलं दिसतच होतं. भिंतीवरच्या प्लगलाही कुंकवाचं बोट लागलं होतं. पूजा करायचीच तर संगणकाची करावी. प्लगची कशाला, देव जाणे.

११ डिसेंबर, बुधवार

कुलपाचा बंदोबस्त केला. त्या फाइलीत एक ओळ वाढवली: सुरू करण्याआधी जुनं कुलूप सापडलं तर काढून टाक. आता वीज कितीही वेळा तुटली तरी फरक पडणार नाही. मी दोनदा प्लग उपसून आत्यांसमोरच दाखवलं. दोन्ही वेळा प्रोग्राम उठला.

"म्हंजी वायर काडली तरी उठतोय?" आत्यांनी विचारलं.

"काढून घातली तरी उठतो."

"लई शाणा केलास त्याला," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. कौतुक त्यांच्या तोंडून सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतेय.

१४ डिसेंबर, शनिवार

आता नवंच. प्रोग्राम उठतो, पण म्हणतो वजनकाटा सापडत नाही. काट्याची तार संगणकाच्या मागं खोचलेली असते. ती सुटली होती. काल सुटली, आजही सुटली. दोन्ही दिवशी ओसरीत किटल्यांची रांग, आणि आत्या शांतपणे "मोनिका" म्हणून हाक मारतायत. मी पिठाचे हात घेऊन पळत गेले.

तार आपोआप कशी सुटते? आत्या म्हणाल्या, "उंदरं लई झालीत." संध्याकाळी बजरंगरावांनी पिंजरा आणला. त्यात त्यांनी भज्याचा तुकडा लावला, आणि त्याआधी उरलेली प्लेट स्वतः संपवली. उंदराच्या नावावर या घरात काय काय खपतंय.

१८ डिसेंबर, बुधवार

उंदीर एकही सापडला नाही. तार पुन्हा सुटली. मी ती चिकटपट्टीनं पक्की केली तर आज चिकटपट्टीसकट सुटली. चिकटपट्टीची व्यवस्थित घडी करून बाजूला ठेवलेली होती. या गावातले उंदीरसुद्धा नीटनेटके आहेत.

हर्षालीला सांगितलं. ती म्हणाली, कदाचित संगणक फार लवकर उठतो आणि काटा मागून जागा होतो, तू थोडा विलंब घालून बघ. तारेचं मात्र तिला सांगता येईना.

२२ डिसेंबर, रविवार

आज मी रडले. लिहायला लाज वाटते, पण वहीत खोटं कशाला लिहायचं.

विलंब घातला होता. सकाळी तरीही काटा सापडला नाही. येळवस आठवड्यावर आली. दुपारी आरोही आत्यांच्या पुढ्यात वेणी घालून घेत बसली होती आणि आत घरात मी बजरंगरावांना म्हटलं, "राहू द्या. नाही जमत. मॅडमना नाही म्हणून कळवते. आरूला वाशीची शाळा बघू."

ते म्हणाले, "एसटीनं? एवढीशी पोर?"

"मग काय करू? हे यंत्र माझ्यावाचून उठत नाही आणि आत्यांना एकटीला अडचणीत टाकून मी जाणार नाही." हे बोलताना माझा आवाज चढला. मग रडूच आलं. मला क्लासमध्ये शिकवायचं होतं. दुधाच्या वासाशिवाय दुसरा कसला तरी वास अंगाला येऊ द्यावा, एवढंच मनात होतं, आणि तेही एका तारेपायी राहिलं.

बाहेर आले तर वेणी अर्धीच झाली होती. आरोही म्हणाली, "आजी, घाल की." आत्यांच्या हातात रिबीन तशीच होती. त्यांचंही वय झालंय, मध्येच तंद्री लागते.

२३ डिसेंबर, सोमवार

चालला! सकाळी आणि संध्याकाळीही. तार जागच्या जागी.

२६ डिसेंबर, गुरुवार

रोज चालतोय. पहाटे एकदा खरीच लाईट गेली आणि आली, तरी आपला आपण उठला. मी झोपूनच होते, हाकच आली नाही. शेवटी तो विलंबच कामाला आला. मी तीस सेकंदांचा घातला होता. पहिल्या दिवशी बहुतेक संगणकाच्या अंगवळणी पडला नसावा. हर्षाली म्हणते असं काही नसतं, पण तिला आमच्या संगणकाचा स्वभाव माहीत नाही.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस

रानातून आत्ताच आलो. पाय दुखतायत, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, तिळाच्या पोळ्या, सगळं पाटीत भरलं. ताकातल्या आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, दरवर्षी आत्यांच्या डोक्यावर असतं. ते दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत नाहीत. आज मला म्हणाल्या, "अवंदा तू घे." मी म्हटलं, मला सवय नाही, सांडेल. "सांडू दे. सवय का आईच्या पोटातनं येती?" घेतलं. रान येईपर्यंत मान मोडून आली. बजरंगराव मागून "लई भारी दिसतीस" म्हणत होते. त्यांच्या हातात फक्त पाण्याची बाटली होती.

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे खोपी, आधीच उभी केली होती. ते म्हशींपाशी रानातच राहतात, त्यांना ऐकू कमी येतं आणि त्याचा ते पुरेपूर फायदा घेतात. पूजा झाली, जेवणं झाली. आरोही हरभऱ्यात हिंडत होती. वैजनाथ भाऊ त्यांच्या बांधावरून येऊन आमची भज्जी खाऊन गेले आणि त्यांच्या घरची कशी जास्त चांगली झालीय ते सांगून गेले.

ऊन उतरल्यावर आत्या उठल्या, पदर झटकला. "म्या जाते केंद्रावर."

मी म्हटलं, "आत्या, टेंभा फिरवायचा राहिलाय." तिन्हीसांजेला कडब्याचा टेंभा पेटवून रानाभोवती फिरवतात. तो आत्यांनी आजवर कधी चुकवला नाही.

"म्या लई बगितले टेंबे. तू बग." मग दोन पावलं जाऊन वळल्या. "आन फोन हातात धरून बसू नगं. न्हाय अडलं तर न्हाय करणार म्या."

मी फोन हातात धरूनच बसले. दुधाची वेळ झाली. आता वाजेल, मग वाजेल. काटा सापडला नसेल, पावतीचा कागद अडकला असेल, लाईट गेली असेल. टेंभा पेटला, सगळे ओरडत रानाभोवती पळाले, मीही पळाले. एका हातानं आरोहीला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात फोन. त्या धुरात काय पाहिलं म्हणून कुणी विचारलं तर मला फक्त फोनचा पडदा सांगता येईल.

वाजलाच नाही.

घरी आलो तर केंद्र धुऊन पुसून बंद. दूध टेम्पोसाठी कॅनमध्ये तयार. आत्या चहा पीत होत्या. "उठला आपला आपण," म्हणाल्या. "आता जावा तुमी जूनात."

मी परीक्षा पास झाले. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पुरता नाही.

१८ मे, रविवार

खोली मिळाली. शाळेतलं नाव झालं. सामान बांधताना आत्या एकेक भांडं आणून ठेवतायत आणि "हे नेऊ नगा, हितं लागतं" असंही म्हणतायत. ठेवायचं काय आणि न्यायचं काय, कळत नाही.

संगणकात आज शेवटची सोय केली. प्रोग्राम सुरू झाला की माझ्या फोनवर निरोप येईल: "केंद्र सुरू झाले." म्हणजे धाराशिवला बसून मला सकाळ-संध्याकाळ कळेल की सगळं ठीक आहे. आत्यांना करून दाखवलं. त्यांनी बटण दाबलं, थोड्या वेळानं माझा फोन वाजला.

"म्हंजी म्या हितं चालू केलं की तुला तकडं कळणार?"

"लगेच."

"दिसातनं कवाबी?"

"कधीही."

"बरं," आत्या म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या काहीतरी खोड काढतील. पण नाही काढली.

१६ जून, सोमवार

आरोहीची शाळा सुरू. माझा क्लासही. पोरांना मी काळी खिडकी उघडून दाखवली तर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, हॅकिंग का?" आता वर्षभर माझं वजन राहणार.

पहाटे आणि संध्याकाळी निरोप अगदी वेळेवर येतो. आत्या स्वतः फोन करत नाहीत. मी इकडं येताना बजावलं होतं तर म्हणाल्या, "काम नसताना फोन करून बोलायचं काय? काय काम हाय म्हणून सांगू?" मीही गडबडीत असते. बजरंगराव रोज गावाला जाऊन येतात, त्यांना विचारलं की "बरी आहे" म्हणतात. त्यांच्या भाषेत म्हसही बरी असते, टेम्पोही बरा असतो आणि आईही बरीच असते.

१९ जून, गुरुवार

प्रोग्राममध्ये काहीतरी गडबड आहे. दुपारीही निरोप येतोय: "केंद्र सुरू झाले." दुपारी कुठलं दूध? सोमवारी एकदा आला, काल दोनदा, आज तर तीनदा. वाटलं, लाईट जाऊन येत असेल. बजरंगरावांना विचारायला सांगितलं. गावात आठवडाभर दुपारची लाईट गेलेलीच नाही.

२१ जून, शनिवार

हर्षालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, प्रोग्राम पडून उठत असता तर तशी नोंद निरोपाबरोबर आली असती. इथं संगणकच नव्यानं चालू होतोय. लाईट गेली नाही म्हणजे कुणीतरी बटण बंद करून पुन्हा चालू करतंय. "दुपारी त्या खोलीत कोण असतं?"

"कोणी नसतं गं. आत्या असतात फक्त," मी म्हटलं.

दुपारी आरोही नसते, मी नसते, बजरंगराव टेम्पोवर, मामा रानात. डिसेंबरातले ते नीटनेटके उंदीरही मला आत्ता कुठं ओळखू आले. सहा महिने लागले. आणि मी क्लासच्या पोरांना संगणकाचं तर्कशास्त्र शिकवते.

हर्षाली म्हणत होती, सोपं आहे, दिवसातून दोनच निरोप येतील अशी अट घालून देते. मी म्हटलं, "नको. यात बिघाड काही नाही." फोन ठेवून आधी डोळे पुसले आणि मग आत्यांना फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"कोन?"

"मी मोनिका."

"काय काम काडलंस?"

"काही नाही. तुम्ही जेवलात का?"

"जेवले की. कालची भाकर हुती, ताकात कुस्करली." मग आरोही डबा संपवते का, तिच्या वेण्या नीट होतात का, खोलीत डास किती, शेजारीण कशी आहे, सगळं विचारून झालं. त्यांना माझ्याशी काहीच काम नव्हतं, आणि आम्ही बराच वेळ बोललो. यंत्राचं मी काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

आता दुपारचा निरोप आला की क्लासमधून बाहेर येऊन फोन लावायचा, असं ठरवलंय. पोरांना सांगायचं, सर्व्हरचं काम आहे.

२६ जून, गुरुवार

आज दुपारी निरोप आलाच नाही. जेवणाची सुट्टी झाली, पुढचा तास झाला. शिकवताना दोनदा चुकले. कुणाला बरं नसेल का, पाय घसरला असेल का, नको ते मनात यायला लागलं. शेवटी वर्ग तसाच सोडून जिन्यात आले आणि मीच फोन लावला.

"आत्या, बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीया?" त्या वैतागलेल्या होत्या. "सकाळपसनं लाईट न्हाय गं. म्या आपलं बटन दाबून दाबून दमले."